त्या लाल गाडीच्या चित्राखाली ‘काल्पनिक’ असं छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी मझदा कंपनीच्या एमएक्स-५ ह्या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या येऊ घातलेल्या नव्या मॉडेलवर अर्धं पान मजकूर आणि त्याहून मोठं लालभडक चित्र छापून आलं. चित्र देखणं आहे, त्यात वाद नाही. आमच्या गोव्यात, फोंड्याजवळच्या कुर्टीतल्या एका गॅरेजात ते कापून भिंतीला चिकटवलंसुद्धा, कॅलेंडरवरच्या शांतादुर्गेच्या बाजूला. पण ते कोणी काढलं, कशाच्या आधारावर काढलं, ह्याची एक ओळ त्याखाली नाही. उलट मजकुरात ‘नवी एमएक्स-५ अशी दिसणार’ असं छातीठोक वाक्य. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल, ह्याला काय अधिकार? मी डेंटर. फोंड्यात पत्र्याचं काम शिकलो, मग बरीच वर्षं मस्कतला एका मोठ्या बॉडीशॉपमध्ये काढली, आणि परत येऊन कुर्टीला स्वतःची शेड घातली. आता हातोडा आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पुतण्याच्या हातात आहे, मी खुर्चीत बसून चुका काढतो. इंजिनातलं मेकॅनिकाइतकं कळतं असा दावा नाही. पत्र्यातलं कळतं. मस्कतला ह्या एमएक्स-५ दुरुस्तीला येत. कधी नाकावर ठोकलेल्या, कधी कुंपणाला घासलेल्या, एखादी पार उलटलेली. पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्या मी मोकळ्या करून परत जोडल्या आहेत. विकत घ्यायची ऐपत कधी झाली नाही, तो भाग वेगळा.

इथे मझदा म्हटलं की जुन्या लोकांना मिनीबस आठवते, स्वराज मझदा. २०११ मध्ये त्या कंपनीचं नाव बदलून एसएमएल इसुझू झालं, तरी आमचे लोक अजून मझदाच म्हणतात. खुद्द मझदाने भारतात कार कधी विकायला काढलीच नाही. त्यामुळे ज्या गाडीचं चित्र पोरं भिंतीला लावतात, ती बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पाहिलेली नसली की चित्रकार दाखवेल ते खरं वाटतं. म्हणूनच वर्तमानपत्राने जरा जपून राहायला हवं असं मला वाटतं.

ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. मूळ कल्पना बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराची. ब्रिटिश एकेकाळी बनवत तशा हलक्या, उघड्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा, असं त्याने १९७९ मध्ये मझदाच्या केनिची यामामोटोंना सुचवलं होतं. यामामोटो म्हणजे रोटरी इंजिनावर (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते) आयुष्य घातलेला माणूस, पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला. त्या सुचवण्यातून दहा वर्षांनी गाडी निघाली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये तिचा दहा लाखांचा आकडा पार झाला. म्हणजे हिचा जन्मच एका शौकिनाच्या ‘असं झालं तर?’मधून झालेला आहे. तेव्हा अंदाज बांधणाऱ्यांवर माझा राग नाही. पोरांनी खुशाल अंदाज बांधावेत, मीही बांधतो, खाली बांधलेही आहेत. पण अंदाज कशावरून बांधायचा ह्याला काही रीत असते.

आता ते चित्र घ्या. भिंग लावायची गरज नाही, चष्मा पुरे.

पहिली गोष्ट, छप्पर. एमएक्स-५ चं छप्पर कापडी असतं आणि सीटच्या मागे, डिकीच्या पुढे एका खोलगट जागेत घडी होऊन बसतं. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत घडी अशी बसवली आहे की छपराचा पुढचा भागच वर येऊन झाकण होतो, वेगळं झाकण लागत नाही. ड्रायव्हर बसल्या जागेवरून एका हाताने उघड-झाक करतो. त्या घडीला जाडी आहे, सळ्या आहेत, मागे काच आहे. आपल्या चित्रात हेडरेस्टच्या मागे लगेच उतरता पत्रा सुरू होतो, तोही तळहाताएवढ्या उंचीचा. मग छप्पर ठेवायचं कुठे? फोंड्यात मृगापासून जो पाऊस लागतो, त्यात ह्या चित्रातला माणूस छत्री घेऊन गाडी चालवणार असं दिसतं.

दुसरी, बॉनेट. चित्रात ते पुढच्या चाकाच्या कमानीपेक्षाही खाली दाबलेलं आहे. दिसायला झकास. पण युरोपात आणि जपानात पादचाऱ्याच्या सुरक्षेचे नियम आहेत. माणूस धडकून बॉनेटवर पडला तर त्याचं डोकं पत्र्याखालच्या इंजिनावर आपटू नये, म्हणून पत्रा आणि इंजिन ह्यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते. बसक्या गाडीत तेवढी जागा मिळत नाही, म्हणून चालू पिढीत बॉनेटच्या मागच्या कडेला असे खटके दिलेत की धडक जाणवताच ते उडतात आणि बॉनेट वर उचललं जातं. ह्या एका नियमाने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गाड्यांची नाकं जेवढी बदलली, तेवढी कुठल्या डिझायनरने बदलली नसतील. चित्रकाराला तो नियम लागू नाही, कारखान्याला आहे.

तिसरी, चाकं. चालू गाडी सोळा किंवा सतरा इंची चाकांवर येते, टायर १९५/५० किंवा २०५/४५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत). चित्रातली चाकं कमानीत मावत नाहीत एवढी मोठी, आणि टायर म्हणजे रिमला मारलेली काळी पट्टी. मोठं चाक म्हणजे जड चाक. जी कंपनी ह्या गाडीत ग्रॅम-ग्रॅम वाचवायला बसते, ती चाकावर किलो कशाला घालेल? (आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचं नाव मी मुद्दाम घेत नाही, तो विषय आपल्या पहिल्या पानाचा आहे.)

चौथी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. चित्रातल्या गाडीला जोडच नाहीत. बंपर कुठे संपतो आणि मडगार्ड कुठे सुरू होतो ते दिसत नाही. दाराची रेघ आहे, पण ती जिथून काढली आहे तिथे बिजागरी बसायला जागा नाही, दार उघडायला गेलं तर मडगार्डात घुसेल. बॉनेटचा काप दिव्याच्या मधोमध जातो. वायपर नाही, पेट्रोलचं झाकण नाही, नंबर प्लेटला जागा नाही. गाडी ही जोडांची असते. प्रत्येक पत्रा वेगळा दाबून काढायचा, कडा दुमडायच्या, मग दोन पत्र्यांमध्ये काही मिलिमीटरचा सारखा गॅप राखत बसवायचा. गाडीची किंमत, तिचं वजन आणि ठोकल्यावरची दुरुस्ती, तिन्ही त्या रेघांवर ठरतात. एमएक्स-५ चं बॉनेट पहिल्या पिढीपासून अ‍ॅल्युमिनियमचं आहे. चालू पिढीत पुढची मडगार्डं आणि डिकीचं झाकणही अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं ओढून-ठोकून सरळ करायला गेलं की फाटतं, त्याला वेगळा हात लागतो. असल्या गाडीला जोड न दाखवता काढणं म्हणजे शर्टला बटणं-काज काही न काढणं.

हे सगळं मी निव्वळ खोड काढायला लिहीत नाही. आपली पुरवणी आली त्या आठवड्यात एक पोरगा जुनी सेडान घेऊन शेडवर आला. हातात आपलं कात्रण. पुतण्याला म्हणतो, “पात्रांव, म्हज्या गाडयेक अशें नाक करूंक जातलें?” (मालक, माझ्या गाडीला असं नाक करता येईल?) फायबर घालून, पुट्टी भरून, दिव्यांवर काळी फिल्म मारून. पैसे काढून आला होता. त्याला खुर्चीत बसवून सांगितलं की हे नाक कुठल्याच गाडीला नाही, ही गाडीच अजून नाही. शिवाय कारखान्याने दिलेल्या बांधणीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते आणखी स्पष्ट केलं आहे. आजच्या गाडीच्या पुढच्या बंपरमागे रडार असेल तर त्यावर पुट्टीचा जाड थर दिला की रडारला नीट दिसत नाही, हेही सांगितलं. पोराचं तोंड पडलं. आता तो दुसऱ्या शेडवर गेला असेल, आणि तिथे कोणीतरी ते नाक करून दिलंही असेल.

तर, अंदाज कशावरून बांधायचा? सांगाड्यावरून. लोक आधी दिवे बघतात, मग इंजिनाची ताकद विचारतात. दोन्ही गोष्टी शेवटच्या क्षणापर्यंत बदलता येतात. बदलत नाही ते पुढच्या काचेच्या खांबाचं बूड, तिथून पुढच्या चाकाचं अंतर, दाराची बिजागरी, आणि सीटमागची आडवी भिंत. हे साचे बदलायचे म्हणजे प्रेस, वेल्डिंगची लाईन, धडकेच्या चाचण्या, सगळं नव्याने. चतुर्थीला मूर्तीचा रंग आणि किरीट दरवर्षी बदलतात म्हणून साचा नवा होत नाही.

ह्याच गाडीचं उदाहरण आहे. १९९७ च्या टोकियो प्रदर्शनात दुसरी पिढी दाखवली तेव्हा सगळीकडे ‘संपूर्ण नवी’ असा गाजावाजा झाला, कारण पहिलीचे ते वर उठणारे, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे गेले आणि कायमचे दिवे आले. मस्कतच्या शॉपमध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहायच्या तेव्हा आम्हाला वेगळंच दिसायचं. पहिलीचं वरून बसवायचं कडक छप्पर दुसरीवर बसतं. दुसरीचं काचेची खिडकी असलेलं कापडी छप्पर पहिलीवर बसतं. म्हणजे खांब तेच, मागची कड तीच, साचा मुळात तोच. खरी नवी गाडी २००५ ची तिसरी, आणि मग २०१४ च्या सप्टेंबरात दाखवून २०१५ ला विकायला आणलेली चौथी. चौथीत त्यांनी उलटं केलं. नवी पिढी म्हणजे मोठी आणि जड, हा जगाचा रिवाज मोडून तिसरीपेक्षा शंभर किलोच्या वर वजन उतरवलं. लांबी ३९१५ मिलिमीटर, पहिलीपेक्षाही किंचित आखूड. जपानातली दीड लिटरवाली २०१५ ला ९९० किलोपासून सुरू झाली. ते पत्र्याचं काम मी कौतुकाने बघितलंय, आणि त्या वेळी असा अंदाज कुठल्या चित्रकाराने केला होता असं मला आठवत नाही. सगळ्यांनी रुंद, रागीट, मोठ्या जबड्याच्या गाड्या काढल्या होत्या.

आता नव्या एमएक्स-५ मध्ये रोटरी इंजिन येणार, ह्या आपल्या मजकुरातल्या विधानाबद्दल. चित्रातले दिवे आणि तो लाल रंग मी ओळखला. २०२३ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या प्रदर्शनात मझदाने ‘आयकॉनिक एसपी’ नावाची प्रदर्शनी गाडी मांडली होती, तिचे आहेत. ती कंपनीने स्वतः मांडली, आकडेही स्वतः दिले: ३७० अश्वशक्ती, लांबी ४१८० मिलिमीटर, वजन १४५० किलो, दोन रोटरचं इंजिन आणि वीज-मोटर. हे आकडे चालू एमएक्स-५ च्या शेजारी ठेवा. २६५ मिलिमीटर लांब, साडेचारशे किलोच्या आसपास जड. मझदाची जुनी रोटरीवाली आरएक्स-७ होती, तिच्या घराण्यात ही शोभेल. एमएक्स-५ च्या नावाने ती खपवणं म्हणजे दोन भावांच्या जन्मपत्रिका एकत्र शिवल्यासारखं झालं. रोटरीवर माझं प्रेम आहे. १९९१ मध्ये मझदाने त्याच इंजिनावर ल मां-ची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा मस्कतच्या शॉपमधल्या पाकिस्तानी पेंटरने सगळ्यांना चहा पाजला होता. पण प्रेम वेगळं आणि सांगाडा वेगळा.

इंजिनाबद्दल कंपनीकडून जे आलंय ते निराळंच आहे, आणि मला विचाराल तर जास्त रंजक. मझदाने स्कायअ‍ॅक्टिव्ह-झेड नावाचं अडीच लिटरचं नवं पेट्रोल इंजिन जाहीर केलंय, २०२७ मध्ये आणण्याच्या बोलीवर. पुढच्या एमएक्स-५ लाही तेच बसवायचं, तरी वजन टनाच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत ठेवायची, असं त्यांचे वरचे अधिकारी मोटार-पत्रकारांशी बोललेले आहेत. ‘अडीच लिटर’ ऐकून इथली पोरं उड्या मारतात, आता पॉवर डबल होणार! तसं नव्हे. पेट्रोल इंजिनावर पूर्ण जोर पडला की एक्झॉस्ट तापतो, आणि तो थंड राखायला आजवर थोडं जास्तीचं पेट्रोल मारायची सोय होती. धुराचे नियम कडक होत गेले तशी ती सोय संपत चालली. युरोपात युरो ७ हा नवा टप्पा नव्या मॉडेलांना नोव्हेंबर २०२६ पासून आणि सगळ्या नव्या कारना नोव्हेंबर २०२७ पासून लागू होतोय, त्यात तर ब्रेकची धूळसुद्धा मोजणार. जास्तीचं पेट्रोल न मारता, हवा-पेट्रोलचं प्रमाण सगळीकडे नेमकं ठेवून तेवढीच ताकद काढायची तर सिलिंडरच मोठा लागतो. हे मला आमच्या शेजारच्या शेडमधल्या मेकॅनिकाने समजावलं आणि मला ते पटलं. मोठं इंजिन इथे हौसेने येत नाही, नियम त्याला आणतो. आणि ते आलं की माझ्या पत्र्यावर परिणाम होतो: उंची थोडी वाढली, तर बॉनेट वर जाणार. आपल्या चित्रात ते खाली गेलंय.

शौकिनांची इच्छा आणि कारखान्याची गरज ह्यांची चुकामूक नवी नाही. टोयोटाने २०१४ च्या जानेवारीत डेट्रॉइटला एफटी-१ नावाची प्रदर्शनी गाडी दाखवली, तेव्हापासून पाच वर्षं लोक टोयोटाच्या सुप्रा ह्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या नव्या पिढीचं स्वप्न बघत होते. सुप्राचं जुनं टूजेझेड इंजिन परत येणार म्हणून शपथा घेत होते. २०१९ ला गाडी आली ती बीएमडब्ल्यूचं तीन लिटर सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन, बीएमडब्ल्यू झेड-४ ची सख्खी बहीण, बनवली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये. टोयोटाच्याच ‘८६’ नावाच्या छोट्या स्पोर्ट्स कारचं आणखी मजेशीर. पहिली आली तेव्हापासून सगळे म्हणत, पुढच्या वेळी टर्बो, पुढच्या वेळी टर्बो. दुसरी पिढी आली, टर्बो नाही. इंजिन दोन लिटरचं २.४ केलं, बस. पण जुन्या गाडीला मधल्या वेगात जी ओढ कमी पडायची ती भरून निघाली, कारण पूर्ण ओढ इंजिनाच्या मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास मिळायची ती आता ३७०० फेऱ्यांवर मिळायला लागली. टर्बोने वजन, उष्णता आणि किंमत वाढली असती. मागणाऱ्यांनी जे मागितलं त्यामागची अडचण कंपनीने ओळखली, मागणी तेवढी बाजूला ठेवली.

आणि एकदा तर मझदाच्याच दारात असा प्रकार झाला. २०१३ च्या जानेवारीत करार झाला की एमएक्स-५ च्या सांगाड्यावर अल्फा रोमिओची गाडी बनणार. करार खरा होता. दोन वर्षं मासिकांनी अल्फाच्या त्रिकोणी जाळीची चित्रं छापली. मग अल्फाच्या मालकांनी, म्हणजे फिआटने, ठरवलं, अल्फा इटलीतच बनेल. मझदाच्या हिरोशिमातल्या कारखान्यात तयार झाली ती फिआट १२४ स्पायडर, फिआटचंच १.४ चं टर्बो इंजिन घालून, आणि २०२० ला बंदही पडली. बातमी खरी असून चित्र खोटं ठरलं.

कॉर्वेट ह्या अमेरिकन स्पोर्ट्स कारचा किस्सा उलटा. शेव्हरोलेचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह ह्यांनी १९६० मध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवलेली एक प्रयोगाची गाडी केली. तेव्हापासून पुढची कॉर्वेट तशीच येणार हे भाकीत पिढ्यान् पिढ्या छापलं गेलं. डंटोव्ह १९९६ मध्ये वारले. गाडी आली १८ जुलै २०१९ ला. भाकीत बरोबर होतं म्हणायचं, फक्त तारीख साठ वर्षांनी हुकली.

माझेही अंदाज लिहून देतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारा नुसता दुसऱ्याला बोलतो. नवी एमएक्स-५ चार मीटरच्या आत राहील. छप्पर कापडीच, हातानेच उघडायचं. गिअर हाताने टाकायचे तसेच राहतील. उठणारे दिवे परत येणार नाहीत. कारखान्यातून असे दिवे घेऊन निघालेल्या शेवटच्या गाड्या २००४ च्या, लोटस एस्प्री आणि पाचव्या पिढीची कॉर्वेट. त्यानंतरच्या नियमांत मोटर, बिजागरी आणि हवेत उभी कड सांभाळत बसणं कोणाला परवडणार नाही. प्रदर्शनातल्या गाडीला परवडतं, तिला कोणी धडकत नाही. बॉनेटची मागची कड आतापेक्षा वर जाईल आणि ती लपवायला मडगार्डांवर उंचवटे काढतील. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा) जोडणारी ती अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट, जी पहिल्या दिवसापासून आहे, ती कुठल्या ना कुठल्या रूपात राहील. सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्यावर चाचणीच्या गाड्यांचे फोटो यायला लागले की त्यांच्यावरच्या काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीकडे आणि चिकटवलेल्या खोट्या तुकड्यांकडे बघू नका. पुढच्या चाकाच्या मध्यापासून काचेच्या खांबाच्या बुडापर्यंतचं अंतर चालू गाडीशी जुळवून बघा. ते जुळलं तर साचा जुना आहे आणि गाजावाजा कितीही झाला तरी ही चौथीचीच दुरुस्त आवृत्ती. नाही जुळलं तर खरोखरच नवी गाडी. नक्षी सगळं लपवते, पण काच आणि चाक लपवू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मला जाणून घ्यायची आहे आणि तिच्याबद्दल कोणीच अंदाज बांधत नाही. कापडी छपरावरचं पाणी मागे एका पन्हळीत जमतं आणि सीटच्या मागून नळीवाटे खाली उतरतं. ती नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पत्र्यात साचतं आणि आतून गंज लागतो. मस्कतला ती धुळीने तुंबायची. आमच्याकडे आंब्याच्या मोहराने आणि पानांनी तुंबेल. वरून रंग चकाचक, आणि जॅक लावला की पत्रा बिस्किटासारखा खाली. जुन्या एमएक्स-५ मध्ये हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की नवी गाडी समोर आली तर मी आधी तिची नळी शोधेन. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर किनाऱ्याची खारी हवा. इथल्या वाचकासाठी लिहायचं तर हे लिहा.

ती इथे येईल का, असंही पोरं विचारतात. अधिकृतपणे येण्याची चिन्हं नाहीत. चार मीटरच्या आतली म्हणून कर कमी लागेल, असं आपल्या मजकुरात सुचवलंय, तेही बरोबर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल कारला अठरा टक्के जीएसटीची सवलत मिळते ती लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत, ह्या दोन्ही अटी पाळल्या तर. दीड लिटरला किंवा अडीच लिटरला चाळीस टक्के, आणि आयात शुल्क आधीच लागलेलं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. संगणकावर काढलेलं चित्र असेल तर त्याखाली ‘काल्पनिक’ हा शब्द छापा, आणि तो चित्राच्या खालीच छापा, मजकुराच्या शेवटी बारीक अक्षरात नको. प्रदर्शनातली गाडी असेल तर तिचं नाव, प्रदर्शन आणि साल द्या. रस्त्यावर टिपलेला फोटो असेल तर कुठला कुठला भाग झाकलेला आहे ते सांगा. पुढच्या अंकात त्या लाल चित्राचा खुलासा दोन ओळींत आला तरी चालेल. आमच्या शेडवर तो लावायला जागा आहे, आणि कात्रण घेऊन येणाऱ्या पुढच्या पोराला पुतण्या तो वाचून दाखवील.

आपला,
कुर्टी-फोंडा येथील एक निवृत्त डेंटर
(नाव छापू नये ही विनंती. शेडवर आधीच पुष्कळ लोक वाद घालायला येतात.)